मधली ओळ

वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत तिच्या अंगावर नवा कपडा आला नाही. ताईचा फ्रॉक आखूड झाला की तो तिचा होई. ताईचं दप्तर, ताईच्या वह्यांची उरलेली कोरी पानं, ताईच्या चपला, ज्यांत ताईच्या अंगठ्याचा खळगा आधीच पडलेला असे. पुस्तकावरचं ताईचं नाव आई खोडरबरानं घासघासून काढी आणि त्याच जागी तिचं लिही. घासलेला कागद तिथे पातळ होई. वर्गात कंटाळा आला की ती ते पान खिडकीकडे धरी. उजेडात खालचं नाव दिसे.

"अजून दिसतंय," ती आईला सांगे.

"दिसू दे. कोण बघतंय?"

ती बघत असे. या बघण्यावरच तिनं पुढे पोट भरलं.

लहान मुलांच्या श्रवणकेंद्रात तिला नोकरी लागली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती. दुमजली इमारत. वरच्या मजल्यावर आवाज न शिरणारी खोली, भिंतींना पिवळट स्पंज लावलेली. तिथे मुलांच्या कानांची तपासणी होई. खाली एका अंगाला साचेवाल्या काकांची खोली. मुलाच्या कानात गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट झाला की काढायचा आणि त्यावरून श्रवणयंत्राचा कानात बसणारा भाग बनवायचा, हे काकांचं काम. दुसऱ्या अंगाला काचेच्या खिडकीमागे ती आणि तिचा कॉम्प्युटर. मुलाचं नाव, वय, पत्ता, कुठलं यंत्र, किती ऐकू येतं, सगळं तिच्याकडे. केंद्रात तिला नोंदवाली म्हणत. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवे.

तिच्याआधी तिथे बसणारा माणूस जुन्यावर नवं लिहायचा. कॉम्प्युटरमधल्या नोंदींना हुकूम द्यायची भाषा एसक्यूएल, तिची एक ओळ, अपडेट, की कालचं गेलं. चूक त्याची नव्हती, सगळीकडे तसंच करतात. पण ती लागली त्याच महिन्यात एक बाप सहा वर्षांच्या मुलाला घेऊन काचेसमोर आला. मुलाला आता काहीच ऐकू येत नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी किती येत होतं, तेवढं सांगा," बाप म्हणाला. पडद्यावर फक्त आजचा आकडा होता. मुलाचं ऐकणं दर तपासणीला थोडं थोडं ओसरत गेलं होतं आणि दर तपासणीला आधीचा आकडा पुसला गेला होता. ओसरतंय हे कुणाला कळायला दोन आकडे शेजारी लागतात.

ती तीन आठवडे खाली मान घालून बसली आणि तिनं कॉम्प्युटरमधलं नोंदींचं टेबल नव्यानं बांधलं. आता काहीही बदललं की आधीची ओळ पुसली जात नसे. तिच्या 'पर्यंत' या रकान्यात आजची तारीख पडे आणि ओळ बंद होई. मग तिच्याखाली नवी ओळ उघडे, 'पासून' आजची तारीख. दोन्ही एका दमात, नाहीतर एकही नाही. इतरांना पडद्यावर फक्त चालू ओळ दिसे, बंद ओळी फक्त तिला. शेवटचा एक रकाना होता, 'नोंद कधी केली'. तो यंत्र आपणहून भरी आणि तिथे कुणाला बोट लावता येत नसे. तिलाही नाही. स्वतःलाही कुलपाबाहेर ठेवलं, याचा तिला अभिमान होता.

साचेवाले काका तिची टर उडवत. "मुलाचा कान वाढला की जुना साचा मी बादलीत टाकतो. तू असतीस तर जुने कानसुद्धा बरणीत भरून ठेवले असतेस."

"मग? लागले तर?"

"कुणाला लागणारेत?"

"तुमचं लग्नाआधीचं डोकं मी जपून ठेवलं असतं तर आज फणी तरी लागली असती, काका."

काका टकलावरून हात फिरवत निघून जात. लगद्याचा गुलाबी डाग टकलावर राही.

बॅकअपची डिस्क बिघडली तेव्हा तिनं केंद्राच्या मोठ्या मॅडमना तीन चिठ्ठ्या लिहिल्या. तिसरीला उत्तर आलं, तेही जिन्यात. "अहो, तुमच्या टेबलात जुनं सगळं राहतंच ना? मग परत वेगळं कशाला जपायचं?"

"जुनं त्याच पेटीत राहतं, मॅडम. पेटीच गेली तर?"

"तुम्ही असताना कशी जाईल?" मॅडम म्हणाल्या आणि वर गेल्या. ती खूश झाली. हे इथे सांगायला हवं, कारण ती खरंच खूश झाली होती.

ताईचं लग्न चांगल्या घरात झालं होतं. सगळे म्हणायचे तसं. भाऊजी गोड बोलत, आल्याबरोबर आईचा गळका नळ दुरुस्त करत, दाराची बिजागरी घट्ट करत, निघताना नमस्कार करत. "माणूस हिरा आहे," आई म्हणे. धाकटीला ते चिडवत, "मेहुणीबाई, तुमच्या त्या टेबलात नवऱ्याचा रकाना आहे की नाही? का तोही आधीच बंद?" सगळे हसत. ताई सगळ्यात शेवटी हसे आणि आधी भाऊजींकडे बघे.

ताईला मुलगी झाली आणि ती बहिरी निघाली. मावशी कुठे काम करते ते पाहता, आई म्हणाली, देवानं निदान सोय बघून दिलं.

भाचीच्या नावापुढे बंद ओळी साठत गेल्या. यंत्र फुटलं, शेरा: पडून. सहा महिन्यांनी, यंत्र फुटलं, पडून. तिसऱ्यांदा ताई काचेसमोर उभी राहिली तेव्हा यंत्राचा चुरा रुमालात होता. पडलेलं यंत्र एका कडेला तडकतं. हे वरून दाबलेलं होतं, टाचेएवढ्या जागेत.

"पडलं," ताई म्हणाली.

"काय लिहू?"

"पडलं म्हणते ना मी."

तिनं लिहिलं, पडून. शेजारी भाची पायांनी टेबलाच्या फळीवर ठोके देत होती. साचा सैल झाला की यंत्र शिट्टी घालतं. भाचीनं ओठांचा चंबू करून मावशीला शिट्टी दाखवली, मग दोन्ही कानांवर हात ठेवून बाबांचा चेहरा करून दाखवला. फार हुबेहूब केला. ताईनं तिचा हात धरून खाली ओढला.

त्या रविवारी धाकटीनं आईजवळ विषय काढला. आई भांडी पुसत होती. "संसारात एवढं तेवढं व्हायचंच," आई म्हणाली. "झालं गेलं पुसून टाकावं माणसानं. तुला काय कळणार? तू तर सगळं धरून बसतेस."

भाची आठ वर्षांची झाली त्या वर्षी, एका सोमवारी, केंद्र उघडताच ताई आली. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हाताला मुलगी. खालचा ओठ एका बाजूनं जाड झाला होता. तिनं काचेतल्या फटीतून कागदाचा चिटोरा सरकवला. त्यावर शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा पत्ता होता, एका शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीचा.

"पत्ता बदल. दुसरीकडे कुठेही कागद करायचा नाहीये. भाड्याची चिठ्ठी नाही, हिची शाळासुद्धा नाही. फक्त इथे. बॅटऱ्या आणि साचे लागणारच, त्याला इलाज नाही."

"आईला?"

"आईला सांगायचं म्हणजे त्यांना सांगायचं."

तिनं पत्ता टाइप केला. ताई काचेला कपाळ टेकवून बघत होती.

"जुना पुसून टाक."

"इथे पुसत नाही, ताई. बंद करते."

"पूस गं. मला तो पत्ता हिच्या नावापुढे नकोय."

"बंद म्हणजे बंदच. माझ्याशिवाय कुणाला दिसत नाही."

"तू एक ओळ पुसू शकत नाहीस माझ्यासाठी?"

शकत होती. डिलीट म्हणून एक शब्द असतो आणि तो तिला येत होता. पण नऊ वर्षांत तिनं तो एकदाही वापरला नव्हता, मोठ्या मॅडमनी सांगूनही नाही. तिच्याकडे स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच होतं. आणि मनाच्या तळाशी एक बारीकसा चिमटाही असेल: आयुष्यभर सगळं ताईच्या मापानं झालं, हे एक तरी माझ्या मापानं होऊ दे.

"नियम आहे," ती म्हणाली.

ताईनं काचेवरून कपाळ काढलं. मग हसली, सुजलेल्या बाजूनं नाही, दुसऱ्या. "बरं बाई. तुझं घर, तुझे नियम."

सात महिने गेले. ताई महिन्यातून एकदा येई, दर वेळी वेगळ्या दिवशी. ओठ बरा झाला. भाचीचा कान वाढला, काकांनी दोनदा साचा बदलला. भाऊजी आईकडे येऊन बसत, डोळ्यांत पाणी आणत, जाताना खिडकीचा कडीकोयंडा नीट करून जात. "पोरीनं हिऱ्यासारख्या माणसाला रडवलं," आई धाकटीला ऐकवी. धाकटी ताकास तूर लागू देत नसे. त्या सात महिन्यांत ताई एकदा चक्क मोठ्यानं हसली, काचेसमोर, कशावर ते कुणालाच नंतर आठवलं नाही.

मग यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं पत्र आलं. एका खेपेच्या यंत्रांची बॅटरी तापत होती. दुसऱ्या एका गावात एका मुलीच्या कानामागची कातडी भाजली होती. त्या खेपेचं यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांना ताबडतोब कळवायचं. केंद्राचा माणूस घरी येऊन भाग बदलून देईल.

"आजच्या आज पत्रं जायला हवीत," मोठ्या मॅडम म्हणाल्या. "पत्रात त्यांचा पत्ता छापा. म्हणजे या पत्त्यावर येतोय, चुकीचा असेल तर कळवा, असं. किती मुलं आहेत?"

तिनं चालू ओळींत शोधलं. एकोणतीस. मॅडमचं समाधान झालं. तिचं झालं नाही.

कारण एकोणतीस म्हणजे आज ते यंत्र वापरणारी. आधी वापरून ज्यांनी बदललं, त्यांचं काय? जुनं यंत्र कुणी टाकत नाही. ते खणात राहतं, मग धाकट्या भावंडाच्या कानात जातं. थोरल्याचं धाकट्याकडे कसं येतं, हे तिच्याइतकं त्या इमारतीत कुणाला माहीत होतं? तिनं 'फक्त चालू' ही अट काढली आणि बंद ओळींतही शोधलं. मुलं निघाली एकेचाळीस.

बारा मुलं. बारा कान. जुनं जपलं नसतं तर ती सुटलीच असती. तिला वर जाऊन मॅडमना आकडा सांगताना आवाज काबूत ठेवावा लागला.

पाकिटांवर चिकटवायच्या पत्त्यांची यादी तिनं त्याच शोधातून काढली. एकसारखे पत्ते दोनदा येऊ नयेत, एवढं तिनं सांगून ठेवलं होतं. यादी छापून आली तेव्हा पत्ते शेहेचाळीस होते. मुलं एकेचाळीस, पत्ते शेहेचाळीस. तिनं ते पाहिलं. पाच घरांनी मधल्या काळात जागा बदलली असणार, जुन्या ओळीत जुना पत्ता आणि नव्या ओळीत नवा, म्हणून दोन दोन. खाली टपाल घेऊन जाणारा दारात उभा होता, त्याच्या गाडीचं इंजिन चालू होतं. एकही न पोचण्यापेक्षा दोन गेली तर काय बिघडलं, असं तिला वाटलं. हा विचार करायला तिला पाचेक सेकंद लागले असतील.

पाकिटांवरचे पत्ते जुन्या आणि नव्या दोन्ही ओळींतून आले होते. आतल्या पत्रात मात्र प्रत्येक मुलाचा एकच पत्ता छापला गेला होता, चालू. तेवढं तिनं न चुकता केलं होतं.

आठवड्यानं साचेवाले काका भाग बदलायच्या फेऱ्या संपवून आले आणि तिच्या खिडकीशी थांबले. नेहमीसारखी टर नाही, काही नाही.

"तुझ्या भाचीच्या पत्त्यावर गेलो होतो. ती शिवणवाली एकटीच होती. मुलीचे वडील येऊन दोघींना घेऊन गेले म्हणाली. हातात आपलंच पत्र होतं म्हणे."

"कुठलं पत्र?"

"आपलं गं. गरम बॅटरीचं." काका काचेवरचा नसलेला डाग बोटानं पुसत होते. "आरडाओरडा काही नाही. आल्या आल्या पोरीला उचलून खांद्यावर घेतलं, पाणी मागितलं. शिलाई मशीनचा पट्टा सैल होता तो बसवून दिला. मग म्हणाले, चला. शेजारपाजारचे म्हणतात, किती सज्जन माणूस, सगळं सामान स्वतः उचललं."

काका गेल्यावर तिनं छापलेली यादी काढली. सतराव्या क्रमांकावर ताईचं नाव होतं, नवा पत्ता. अठराव्यावर ताईचं नाव, जुना. दोन्ही एकाखाली एक, सरळ रेषेत. एकाही अक्षराची चूक नव्हती.

घरी आई दारातच होती. चेहरा उजळलेला. "ऐकलंस का? शेवटी नवराच आला न्यायला. मी म्हणत नव्हते?"

ती हातपाय न धुताच आत जाऊन बसली. ताईला फोन लावला. फोन भाऊजींनी उचलला. "मेहुणीबाई! ताई जरा कामात आहे हो. आता कामातच राहील ती." आणि हसले, नेहमीसारखे, गोड.

चौथ्या आठवड्यात ते तिघं केंद्रात आले. दुपारची वेळ होती, बाकांवर आठदहा आया मुलांना घेऊन बसलेल्या. भाऊजींनी भाचीला कडेवर घेतलं होतं, आठ वर्षांच्या मुलीला. ताई अर्धं पाऊल मागे. ओठ ठीक होता, हात ठीक होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दिसण्यासारखं काहीच नव्हतं. धाकटीनं नको तितकं नीट पाहिलं.

"मेहुणीबाई, तुमचे आभार मानायला आलोय," भाऊजी इतक्या मोठ्यानं म्हणाले की बाकांवरच्या आया वळल्या. त्यांनी खिशातून घडी घातलेलं पत्र काढलं. "सात महिने शोधत होतो. पोलीस झाले, नातेवाईक झाले. आणि घरबसल्या टपालानं आलं. मी हिला म्हटलं, बघ, सख्ख्या बहिणीनंच पाठवलंय. रक्ताचं माणूस ते रक्ताचं माणूस."

"भाऊजी, ते चुकून..."

"चुकून कसं? तुम्ही आणि चूक?" ते हसले. "बरं, पत्ता नीट करायचाय."

"करते. आजपासून जुना घालते."

"आजपासून नाही." त्यांनी काचेतल्या फटीवर हात ठेवला. बोटं स्वच्छ, नखं कापलेली. "हे मधलं काढून टाकायचं. कधीतरी मुलगी मोठी होईल, कुणी कागद बघेल. आई हिला घेऊन पळाली होती, असं दिसायला नको. ती कुठे गेलीच नव्हती. एकच पत्ता, पहिल्यापासून आजपर्यंत. करता येतं ना?"

तिनं ताईकडे पाहिलं. ताई तिच्याकडे बघत नव्हती. ताई पडद्याच्या मागच्या बाजूला बघत होती, जिथे फक्त वायरी होत्या.

"ताई?"

"सांगतायत ते ऐक," ताई म्हणाली.

आवाजात काही नव्हतं. ना राग, ना विनवणी. आणि धाकटीला ती सोमवारची सकाळ आठवली, काचेला टेकलेलं कपाळ, पूस गं. तेव्हा नियम सांगितला होता. त्या एका बंद ओळीनं घर दाखवलं होतं. तेव्हा पुसली असती तर आज ही माणसं इथे उभी नसती. चार आठवडे ती दुसरा कुठलाही विचार करत नव्हती. जेवताना, कपडे घडी घालताना, आईचं बोलणं ऐकताना एकच: एक ओळ पुसायची होती.

या वेळी तिनं पुसली.

डिलीट हा शब्द तिनं नोकरीत पहिल्यांदा लिहिला. मुलीचा क्रमांक घातला, ओळीचा क्रमांक घातला, दोनदा तपासला. सात महिन्यांची ओळ गेली. मग वरच्या बंद ओळीचा 'पर्यंत' रिकामा केला. ती ओळ पुन्हा उघडली, जणू कधी बंद झालीच नव्हती. आजची तारीख कुठेच उमटली नाही, कारण 'नोंद कधी केली' हा रकाना नव्या ओळीलाच भरला जाई, आणि नवी ओळ नव्हती. पुसल्याची नोंद ठेवायची सोय तिनं कधी केलीच नव्हती. तिच्या टेबलात पुसणार कोण होतं? तिनं कायम करायची कळ दाबली आणि पडदा भाऊजींकडे वळवला.

"वा," भाऊजी म्हणाले. "याला म्हणतात काम."

तेवढ्यात साचेवाले काका त्यांच्या खोलीच्या दारात आले. हातात गुलाबी लगद्याची पिचकारी. "मुलीचे बाबा कोण? या इकडे. साचा घ्यायचाय, डोकं धरायला लागेल. बाईमाणसाचं काम नाही, ताकद लागते." आठ वर्षांच्या मुलीचं डोकं धरायला ताकद लागत नाही. काका एरवी कुणाला डोकं धरायला बोलावतच नसत. भाऊजी भाचीला घेऊन आत गेले. उघड्या दारातून दिसत होतं, त्यांनी मुलीच्या गालांवर दोन्ही तळवे ठेवले, अलगद, फुलासारखं धरावं तसं.

ताई एका पावलात काचेशी आली. कपाळ टेकवलं नाही. फटीपाशी तोंड आणून, ओठ जेमतेम हलवत, घाईनं बोलली.

"पत्र तू मुद्दाम पाठवलंस का, ते मी विचारत नाही. ऐक. शिवणवालीच्या ओळखीत एक वकीलबाई आहेत. त्या म्हणतात, मी वेगळी राहत होते याचा कागद हवा. कधी गेले, किती दिवस, तारखेसकट. मी कुठेच कागद केला नाही. शाळा नाही, भाडं नाही. फक्त तुझ्याकडे आहे. त्यांच्यासमोर तू पुसल्यासारखं केलंस, ते बरं केलंस. मी घाबरले होते, तू खरंच पुसशील. मग म्हटलं, नाही. मी पाया पडले तेव्हा नाही पुसलंस तू. तू कशी पुसशील?"

आतून काकांचा आवाज आला, "हलू नकोस हं बाळा, हलू नकोस."

"ती मधली ओळ आहे ना तुझ्याकडे?" ताई म्हणाली. "पुढच्या महिन्यात बॅटऱ्या घ्यायला मी एकटी येईन, तसं ठरवलंय. तेव्हा छापून दे. तारखांसकट. मग मी परत जाणार नाही."

बॅकअपची डिस्क अजून बिघडलेलीच होती. हातानं तीच ओळ पुन्हा लिहिता आली असती. पासून ती तारीख, पर्यंत ही तारीख, शिवणवालीचा पत्ता. आणि शेवटच्या रकान्यात यंत्रानं आजचा दिवस लिहिला असता, तास, मिनिट, सेकंद. बनवून लिहिलंय हे कुणाही वकिलाला पहिल्या नजरेत दिसलं असतं. तिथे कुणाला बोट लावता येत नव्हतं. तिलाही नाही.

"धाकटे? आहे ना?"

आत भाचीच्या कानातून साचा सुटला तसा तिच्या दुसऱ्या कानातल्या यंत्रानं बारीक शिट्टी घातली. ताईची मान आपोआप त्या बाजूला वळली आणि परत आली. डोळे काचेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ताई तिच्याकडची एखादी वस्तू मागत होती, आणि ती तिच्याकडे उरली नव्हती.

"आहे," ती म्हणाली.